उभा पाय : कराटेतील लाथ, तोल आणि वैद्याची दृष्टी

कल्याण सोडून गाडी कर्जतच्या दिशेने निघाली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके ओळीने लागतात. या पट्ट्यात आमचा चिकित्साव्यवसाय गेली वीस वर्षे चालू आहे. आरंभीच्या काळात आमच्याकडे येणारी मुले कास, ज्वर, कृमी, अतिसार अशा तक्रारी घेऊन येत. आता त्यांत आणखी एका प्रकारच्या मुलांची भर पडली आहे. पांढऱ्या गणवेशावर पिवळा किंवा हिरवा पट्टा बांधलेली ही मुले सायंकाळी कराटेच्या वर्गावरून परस्पर चिकित्सालयात येतात. कोणाचा घोटा दुखतो, कोणाचा गुडघा. आणि पुष्कळांची तक्रार एकच असते, ती म्हणजे लाथ मारताना तोल जातो. पालकांचे मागणेही ठरलेले असते : ताकदीचे काहीतरी द्या.

या मागणीला आपण वैद्य आणि औषधी विक्रेते काय उत्तर देतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. प्रारंभ आमच्याच एका चुकीपासून करतो.

एक रुग्णानुभव

बदलापूरहून एक तेरा वर्षांची मुलगी वडिलांसह आमच्याकडे आली. पट्ट्याच्या परीक्षेत ती दोनदा मागे राहिली होती. वडील म्हणाले, “डॉक्टर, लाथ मारायला गेली की हिचा तोलच जातो. पायात जोर नाही हो. या वेळी नाही जमलं तर क्लास बंद करतो.” मुलगी खाली मान घालून बसली होती. शरीर कृश, उंची वर्षभरात झपाट्याने वाढलेली, अग्नी मध्यम, मलप्रवृत्ती किंचित बद्ध. वातवृद्धी व मांसधातूचे दौर्बल्य असे निदान करून आम्ही अश्वगंधा चूर्ण दुधातून दिले आणि ज्या उजव्या पायाने ती लाथ मारी त्या पायास बला तैलाचा अभ्यंग सांगितला. तीन महिन्यांत तिची भूक सुधारली, वजन थोडे वाढले. पण तोल जाण्याची तक्रार होती तशीच राहिली.

चौथ्या महिन्यात आम्ही खुर्च्या बाजूला सारून तिला म्हटले, “लाथ कशी मारतेस ते इथेच करून दाखव बघू.” तिने उजवा पाय उचलला. त्या वेळी आमची दृष्टी प्रथमच तिच्या डाव्या पायाकडे गेली. टाच थरथरत होती, बोटे फरशीला घट्ट धरू पाहत होती, तळव्याची आतली कमान खाली बसली होती आणि गुडघा आत वळत होता. “हा पाय कधी मुरगळला होता का?” असे विचारताच ती म्हणाली, “मागच्या वर्षी, स्टेशनच्या जिन्यावर. पण तो तर बरा झाला ना!”

घोटा सुजला होता, पंधरा दिवस क्रेप बँडेज बांधले होते, सूज उतरली आणि विषय संपला. आम्ही तीन महिने उजव्या पायाला तेल लावीत होतो. दोष डाव्या पायात होता. लाथ मारणाऱ्या पायाविषयी आम्ही सारे काही विचारले होते, उभ्या पायाविषयी एक प्रश्नही विचारला नव्हता.

लाथेच्या क्षणी शरीरात काय घडते

दोन पायांवर उभे असताना दोन्ही पाऊले व त्यांमधील जागा मिळून शरीराचा आधार होतो. एक पाय उचलला की हा आधार केवळ एका पाऊलाएवढा उरतो. उचललेल्या पायाचे वजन सर्वसाधारणपणे शरीरभाराच्या सहाव्या हिश्श्याइतके असते. एवढा भार वेगाने पुढे किंवा बाजूला फेकला जात असता धड, कटी आणि उभा पाय यांनी क्षणोक्षणी आपली स्थिती बदलून शरीरमध्य त्या पाऊलावर राखावयाचा असतो.

हे कार्य तीन ठिकाणांहून येणाऱ्या संवेदनांवर चालते : नेत्र, अंतःकर्णातील तोलाचे इंद्रिय आणि पाऊल, घोटा, मान यांतील सांधे व स्नायूंची स्थितिसंवेदना. घोटा मुरगळतो तेव्हा बहुधा त्याच्या बाहेरील बाजूचा पुढचा बंध ताणला किंवा फाटतो. सूज उतरली तरी घोट्याची स्थितिसंवेदना आणि सभोवतीच्या स्नायूंची तत्परता आपोआप पूर्ववत होतेच असे नाही. असा घोटा पुनःपुन्हा मुरगळतो. तोलाच्या नियमित अभ्यासाने पुन्हा मुरगळण्याचे प्रमाण घटते, हे आधुनिक क्रीडावैद्यकात सुस्थापित आहे.

दुसरे स्थान कटीचे. एका पायावर उभे असता नितंबाच्या बाहेरील बाजूचे स्नायू श्रोणी समपातळीत धरतात. ते दुर्बल असतील तर उचललेल्या पायाच्या बाजूची श्रोणी खाली झुकते. जर्मन शल्यविद ट्रेंडेलेनबर्ग यांनी 1895 मध्ये वर्णिलेले हे चिन्ह आजही प्रत्येक चिकित्सालयात कोणत्याही उपकरणावाचून पाहता येते.

तिसरी गोष्ट वयाची. झपाट्याने उंची वाढण्याच्या काळात अस्थी आधी लांबतात. स्नायूंचे बल व हालचालींतील मेळ मागून येतो. अशा मुलांचा तोल काही काळ बिघडल्यासारखा वाटणे हा रोग नव्हे. पालकांना हे समजावून सांगितले तर निम्मी चिंता तेथेच दूर होते.

शास्त्राधार

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात व्यायामाची व्याख्या करताना स्थैर्य आणि बल असे दोन हेतू सांगितले आहेत व त्यांत स्थैर्याचा उल्लेख प्रथम आहे. आपण मात्र बलाच्या मागे लागून स्थैर्य विसरतो. त्याच अध्यायात अतिव्यायामाने श्रम, क्लम, तृष्णा, कास, ज्वर इत्यादी विकार होतात असेही बजावले आहे.

लाथ ही उत्क्षेपण क्रिया होय. वाग्भटांच्या मते गती, उत्क्षेपण व अपक्षेपण ही व्यान वायूची कर्मे असून तो हृदयस्थ असूनही सर्व शरीरात महावेगाने संचार करतो. सांध्यांना दृढ धरण्याचे काम श्लेषक कफाचे. वेग आणि धारण यांचा मेळ म्हणजेच तोल, असे आम्हास वाटते. केवळ वातशमन किंवा केवळ बृंहण करून तो साधत नाही.

सुश्रुतांनी वर्णिलेला वातकंटक येथे विशेष मननीय आहे. पाऊल विषम पडल्याने वायू घोट्याच्या आश्रयाने राहून वेदना उत्पन्न करतो, हे त्याचे स्वरूप होय. रेल्वेच्या जिन्यावर किंवा खड्ड्यांच्या रस्त्यावर मुरगळलेला घोटा याहून वेगळा नाही. 107 मर्मांपैकी पाऊलातील कूर्च मर्माच्या आघाताने पाऊलाचे भ्रमण व वेपन होते, तर गुल्फ मर्माच्या आघाताने पाय स्तब्ध होतो किंवा लंगडतो, असे शारीरस्थानात सांगितले आहे. एका पायावर उभ्या राहिलेल्या त्या मुलीचे पाऊल डगमगताना आणि थरथरताना पाहिले तेव्हा या वर्णनाची आम्हास तीव्रतेने आठवण झाली.

परीक्षण : पाच मिनिटांचा क्रम

आता असा रुग्ण आला की आम्ही पुढील क्रम पाळतो.

1. प्रश्न : कोणताही घोटा कधी मुरगळला होता का? कान वाहणे, ऐकू कमी येणे, चक्कर येणे, चष्मा लागणे यांपैकी काही आहे का? अलीकडे डोक्याला मार लागला होता का?

2. अनवाणी, हात कमरेवर ठेवून एका पायावर 30 सेकंद उभे करणे. प्रथम डोळे उघडे, नंतर मिटून. मिटलेल्या डोळ्यांनी वेळ कमी भरणे स्वाभाविक आहे. सेकंदांच्या आकड्यापेक्षा उजव्या-डाव्यातील फरक अधिक बोलतो. रुग्ण पडल्यास सावरता येईल इतक्या अंतरावर वैद्याने स्वतः उभे राहावे.

3. त्याच वेळी खालून वर पाहत जावे : बोटांची पकड, तळव्याची कमान, टाच, गुडघ्याची दिशा, श्रोणीची पातळी.

4. भिंतीसमोर पाऊल ठेवून टाच न उचलता गुडघा भिंतीस लावण्यास सांगावे. पाऊल भिंतीपासून किती दूर नेता येते ते दोन्ही बाजूंस मोजावे. जुना मुरगळलेला घोटा येथे आखडलेला सापडतो.

5. शेवटी संथ लाथ : गुडघा उचलणे, पाय पसरणे, पाय परत दुमडणे, पाय खाली ठेवणे, प्रत्येकास चार अंक मोजून. वेगात झाकला जाणारा दोष संथ गतीत उघडा पडतो.

प्रशिक्षकांशी संवाद

कराटेचे तंत्र शिकविणे हे आपले काम नव्हे; तथापि शरीराच्या दृष्टीने कोणत्या गोष्टी महत्त्वाच्या आहेत हे आपण प्रशिक्षकांना सांगू शकतो. आमच्या परिसरातील काही प्रशिक्षकांशी बोलताना बहुतेक मुद्द्यांवर एकमत झाले.

समोरच्या लाथेत, म्हणजे माए गेरीत, गुडघा आधी पुरेसा वर आला पाहिजे आणि उभा गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. ताठ गुडघ्यावर घोट्याला सावरण्यास वाव राहत नाही. गोल लाथेत, म्हणजे मावाशी गेरीत, उभे पाऊल चवड्यावर फिरून टाच प्रतिस्पर्ध्याच्या दिशेने वळली पाहिजे. पाऊल जागीच चिकटून राहिले तर कटीचा सारा पीळ गुडघ्यावर येतो. अशा मुलांत तोल जाण्याच्या तक्रारीबरोबर गुडघ्याच्या आतील बाजूची वेदना आम्हास आढळली आहे. दृष्टी पायावर नव्हे, समोर स्थिर असावी. लाथ लागल्यावर पाय तसाच खाली न टाकता प्रथम परत दुमडावा आणि मग ठेवावा.

उंचीचा मोह हा खरा शत्रू आहे. जागतिक कराटे महासंघाच्या स्पर्धानियमांत मुष्टिप्रहारास 1, धडावरील लाथेस 2 आणि मस्तकावरील लाथेस 3 गुण आहेत. साहजिकच मुले मस्तकाची उंची गाठू पाहतात. कराटेचा ऑलिंपिकमधील एकमेव समावेश टोकियो येथे 2021 मध्ये झालेल्या 2020 च्या स्पर्धेत होता. त्या लढतींची दृश्ये अनेक मुलांच्या भ्रमणध्वनीत असतात. परंतु गुण मिळण्यास पवित्रा व सावधता टिकावी लागते. कमरेच्या उंचीची लाथ न डगमगता दहा वेळा जमल्यावाचून त्यावरची उंची नको, हा नियम आम्ही मुलांना घालून देतो.

भूमीचाही विचार हवा. गुळगुळीत फरशीवर पावसाळ्यात ओल धरते आणि पाऊल घसरते. गच्चीच्या खरखरीत कोब्यावर तेच पाऊल फिरत नाही. वर्गाच्या दाराशी एक गोणपाट अंथरून पाय पुसण्याची सवय लावणे यास काही खर्च येत नाही. वर्षा ऋतूत चरकांनी व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. वर्ग बंद ठेवणे शक्य नसले तरी त्या महिन्यांत उड्या आणि वेगवान लाथा कमी करून संथ अभ्यास वाढविता येतो.

उपचारक्रम

ताजा मुरगळलेला घोटा असेल तर पहिले दोन दिवस अभ्यंग नको, स्वेदन नको. विश्रांती, शीत लेप, बंधन आणि पाय उंच ठेवणे पुरे. घोट्याच्या हाडांच्या मागील कडेवर किंवा टोकावर, पाऊलाच्या बाहेरील मधल्या हाडाच्या मुळाशी किंवा आतील बाजूस कमानीच्या माथ्याशी दाबून वेदना होत असेल, अथवा रुग्ण चार पाऊलेही टाकू शकत नसेल, तर क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. वाढीच्या वयातील मुलांत अस्थीच्या वाढीच्या पट्टीस इजा असू शकते. येथे अंदाज नको.

जुन्या घोट्यास तीळ तेल किंवा क्षीरबला तैलाचा सौम्य अभ्यंग व नाडीस्वेद देऊन आखडलेपणा कमी करावा. पादाभ्यंगाने पायांस बल व स्थैर्य येते आणि स्तब्धता, रूक्षता, सुप्ती दूर होते, असे चरकांनी सांगितले आहे. हा पादाभ्यंग रात्री निजताना करावा. वर्गाला जाण्यापूर्वी तळव्यास तेल लावून अनवाणी फरशीवर उभे राहणे म्हणजे पडण्यास निमंत्रण. ही सूचना आम्ही चिठ्ठीवर ठळक लिहितो, कारण एक मुलगा असाच घसरून आमच्याकडे आला होता.

यासोबत सहा आठवड्यांचा अभ्यास देतो. पहिले दोन आठवडे रोज दात घासताना आळीपाळीने एका पायावर उभे राहणे आणि भिंतीस हात लावून टाचा उचलणे. पुढील दोन आठवडे दुमडलेल्या घोंगडीवर एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाच्या अंगठ्याने पुढे, बाजूला व मागे जमिनीस स्पर्श करणे. शेवटचे दोन आठवडे खुर्चीस धरून आणि नंतर आधारावाचून संथ लाथा, प्रत्येक बाजूस दहा. दुर्बल बाजूपासून आरंभ करावा.

मात्रेसाठी अर्धशक्तीचा नियम उत्तम आहे. कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर घाम येणे आणि मुखास शोष पडणे ही त्याची लक्षणे. आम्ही त्यात एक भर घालतो : उभा पाय थरथरू लागला की थांबावे. थकलेल्या पायाने केलेला अभ्यास चुकीचीच सवय लावतो.

औषधी विक्रेत्यांसाठी

उल्हासनगर येथील एका औषधी विक्रेत्या मित्राने आम्हास सांगितले की स्पर्धांच्या सुमारास पालक दुकानात येऊन ‘नसांच्या ताकदीची गोळी’ मागतात. या मागणीत एक मोठा धोका दडलेला आहे.

वातव्याधी आणि स्नायुदौर्बल्यात वापरली जाणारी विषतिंदुक वटी, तसेच अग्निमांद्यात सर्रास दिली जाणारी अग्नितुंडी वटी, या दोहोंत कुपीलू म्हणजे कुचला आहे. कुचल्यातील स्ट्रिक्नीन हे द्रव्य जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या सूचीत स्पर्धाकाळासाठी निषिद्ध आहे. सोमलतेच्या जातीतील वनस्पतींत असणारे इफेड्रीनही मूत्रातील ठराविक मर्यादेपलीकडे निषिद्ध ठरते. आपल्या देशात 2022 चा राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदा झाला आहे. खेळाडूच्या नमुन्यात निषिद्ध द्रव्य आढळले तर ‘वैद्यांनी दिले होते’ किंवा ‘आयुर्वेदिक होते’ हा बचाव त्यास पुरत नाही. शालेय पातळीवर अशी तपासणी क्वचितच होत असेल. परंतु आज तेरा वर्षांची असलेली मुलगी उद्या राष्ट्रीय स्पर्धेत असू शकते, आणि सवय आजच लागते.

शिवाय कुचला हा औषधद्रव्य कायद्याच्या ‘ई-1’ अनुसूचीतील विषद्रव्यांपैकी आहे. वैद्याच्या चिठ्ठीवाचून तो मुलांच्या हाती जाता कामा नये. निर्मात्याचे नाव व घटकद्रव्ये नसलेली ‘ताकदीची’ चूर्णे तर दुकानात ठेवूच नयेत. अशा चूर्णांत स्टेरॉइडची भेसळ असण्याचा धोका सर्वज्ञात आहे. पालकाला ‘आधी वैद्यांना पाय दाखवा’ एवढे सांगण्याने एका विक्रीची हानी होईल. ग्राहकाचा विश्वास मात्र कायम राहील.

कोठे थांबावे

तोल जाणे हे प्रत्येक वेळी घोट्याचे किंवा कटीचे लक्षण नसते. सभोवतालचे फिरते असे वाटणे, एका कानाने अचानक कमी ऐकू येणे, सकाळी डोके दुखून वांती होणे, साध्या चालण्यातही झोक जाणे, शरीराच्या एका बाजूस दौर्बल्य येणे किंवा महिन्यागणिक वाढत जाणारी अडखळण, यांपैकी काहीही आढळल्यास व्यायाम थांबवून तज्ज्ञाकडे पाठवावे. सरावात डोक्यावर लाथ बसल्यानंतर मूल गोंधळले, डगमगू लागले किंवा त्यास मळमळ होऊ लागली तर त्या दिवशी पुन्हा सरावास उतरवू नये आणि विनाविलंब रुग्णालयात न्यावे. अशा वेळी नस्य, शिरोधारा यांचा विचारही मनात आणू नये.

उपसंहार

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे वाचकांस जाणून घ्यावेसे वाटेल. औषध आम्ही कमी केले. पादाभ्यंग आणि वर सांगितलेला अभ्यास चालू ठेवला. पहिल्या दिवशी डाव्या पायावर ती जेमतेम 7 सेकंद उभी राहिली होती. दहाव्या आठवड्यात 30 सेकंद उभी राहिली. मस्तकाच्या उंचीची लाथ तिला अद्याप येत नाही. कमरेच्या उंचीची मात्र ती न डगमगता मारते. पट्ट्याची परीक्षा ती उत्तीर्ण झाली आणि तिचा वर्ग बंद झाला नाही. परवा तिचे वडील धाकट्या मुलाला घेऊन आले. त्यांनी औषध मागितले नाही. “डॉक्टर, याचे दोन्ही पाय बघा,” असे म्हणाले.

अंबरनाथचे शिवमंदिर शके 982 म्हणजे इसवी सन 1060 चे आहे. त्याच्या भिंतींवर नर्तन करणाऱ्या अनेक आकृती आहेत. आपण सारे त्यांच्या हातांच्या मुद्रा आणि उचललेले पाय पाहतो. हल्ली आम्ही तेथे गेलो की त्यांची जमिनीवर टेकलेली पाऊले पाहत बसतो.

वैद्यबंधूंनी हा परीक्षणक्रम आपापल्या चिकित्सालयात वापरून पाहावा. आलेले अनुभव, विशेषतः जेथे हा क्रम अपुरा पडला असे अनुभव, या त्रैमासिकाकडे अवश्य लिहून पाठवावेत, ही विनंती.